एका डोहात मावतात, एका कुंपणात का नाही?

पैनगंगा यवतमाळ जिल्ह्याची दक्षिण सीमा आखत वाहते. उमरखेड, महागाव, आर्णी, घाटंजी, झरी-जामणी असे तालुके डाव्या हाताला ठेवत ती वणी तालुक्यात जुगादजवळ वर्धेला मिळते आणि तिचं पाणी पुढे प्राणहितेतून गोदावरीत जातं. एप्रिल-मे उजाडला की तिची धार ठिकठिकाणी तुटते. उरतात ते डोह. नदीतलं सगळं जीवन मग तेवढ्या पाण्यात गोळा होतं. मासे, खेकडे, झिंगे, पाणसाप आणि कासवं.

गोदावरीच्या खोऱ्यात कासवांच्या बऱ्याच जाती आहेत, आणि त्यांतल्या काही जाती एकाच डोहात उन्हाळा काढू शकतात. हे मला फार विलक्षण वाटतं. कारण जगभरचे प्राणिसंग्रहालयवाले आणि कासवांचे डॉक्टर एका गोष्टीवर कमालीचे ठाम आहेत: वेगवेगळ्या जातींची कासवं एका कुंपणात ठेवू नका. ज्या प्राण्याला निसर्गात शेजार चालतो, त्याला कुंपणात तो का चालत नाही? या प्रश्नाचा माग काढत गेलं की आपण पैनगंगेच्या काठावरून थेट हिंदी महासागरातल्या आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवर पोचतो.

आधी डोहातली मंडळी पाहू. आपल्या भागात सगळ्यांत जास्त दिसणारं कासव म्हणजे मऊ पाठीचं झडपवालं कासव, शास्त्रज्ञांचं लिसेमिस पंक्टाटा. पोटाच्या कवचाला मागच्या बाजूला कातडीच्या दोन झडपा असतात. धोका वाटला की ते मागचे पाय आत घेतं आणि झडपा लावून टाकतं. गोगलगाय, बेडूक, मेलेला मासा, शेवाळ, पाणवनस्पती, त्याला काहीही चालतं. नदी, तळं, पाझर तलाव, भाताचं बांधलेलं पाणी, कुठेही ते राहतं. पाणी आटलं तर दुसरं पाणी शोधत जमिनीवरून चालत निघतं, आणि तेही जमलं नाही तर चिखलात स्वतःला गाडून घेऊन पावसाची वाट पाहतं. यवतमाळच्या काळ्या जमिनीला मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्याच काळात तळ्याच्या सुकलेल्या गाळाखाली एक जिवंत प्राणी हृदयाचे ठोके मंद करून पडून असू शकतो, ही कल्पना मनात आली की त्या कोरड्या तळ्यावरून चालतानासुद्धा पाऊल हलकं पडतं.

दुसरं काळं कासव, मेलानोकेलिस ट्रायजुगा. याची पाठ टणक आणि तिच्यावर लांबीच्या दिशेने तीन उंच रेघा. हे बरंचसं संध्याकाळी आणि रात्री हिंडणारं. तिसरं छपरासारख्या उभट पाठीचं, पँगशुरा टेंटोरिया. याला ऊन लागतं. खडकावर, पाण्यात पडलेल्या ओंडक्यावर ते तासन् तास ऊन खात बसतं, आणि जरा चाहूल लागली की सुळकन पाण्यात. आणि चौथं, आता फार दुर्मीळ झालेलं, लीथचं मऊ पाठीचं कासव. हे वाळूत अंग पुरून नुसतं नाकाचं टोक वर ठेवणारं, मासे-खेकडे खाणारं. त्याच्या पिल्लांच्या पाठीवर डोळ्यांसारखे गोल ठसे असतात. या जातीचं शास्त्रीय वर्णन १८७२ साली जॉन एडवर्ड ग्रे यांनी केलं ते पुण्याच्या नमुन्यावरून, म्हणजे हे अगदी आपल्या दख्खनचं कासव. २०२२ साली पनामात भरलेल्या 'साइट्स' परिषदेत भारताच्या प्रस्तावावरून त्याला आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सर्वांत कडक यादीत घेतलं गेलं.

आता या चौघांची वाटणी बघा. एकाचं दुकान दिवसा उघडतं, एकाचं तिन्हीसांजेला. एकाला खडक हवा, एकाला वाळू, एकाला गाळ. एक पाला खातं, एक मासा धरतं, एक जे मिळेल त्यावर भागवतं. कुणी तळाशी, कुणी काठाशी. डोह एकच, पण त्यात चार वेगवेगळी घरं आहेत आणि प्रत्येकाचं वेळापत्रक निराळं. शिवाय जून आला की नदी जोडली जाते आणि ज्याला जायचं तो निघून जातो. ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची.

आपल्याकडे कासवाचं एक जुनं कुंपणही आहे. विहीर. पाणी स्वच्छ राहतं म्हणून विहिरीत कासव सोडायची पद्धत विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत होती. सोडणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नसे. पण बांधीव विहिरीच्या उभ्या भिंतींत कासवाला वर यायला वाट नसते. मादीला अंडी घालायला मातीचा उतार लागतो, आणि पाण्याच्या जातीचं कासवसुद्धा अंडी घालतं ते जमिनीवरच. विहिरीतली मादी वर्षानुवर्षं जगते, पण तिचा वंश तिथेच थांबतो. त्यात कुणी दुसऱ्या जातीचं कासव आणून टाकलं, तर दोघांना मिळून एकच पाणी, एकच खोली, एकच अन्न. डोहातली सगळी वाटणी तिथे संपलेली असते.

ही वाटणी किती नाजूक आणि किती सुंदर असू शकते, हे सर्वांत ठळक दिसलं ते हिंदी महासागरात. मॉरिशसला मराठी माणसांची जुनी वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेलेल्या कुटुंबांचे वंशज आजही तिथे मराठी शिकतात, गणपती बसवतात. पण ते पोचले तेव्हा त्या बेटांवरची मूळ राक्षसी कासवं जवळजवळ संपलेली होती. मॉरिशसच्या आधिपत्याखालचं रॉड्रिग्ज हे बेट अवघं १०८ चौरस किलोमीटरचं. आपल्या टिपेश्वर अभयारण्यापेक्षाही लहान, कारण ते १४८ चौरस किलोमीटरचं आहे. एवढ्याशा बेटावर राक्षसी कासवांच्या दोन जाती राहत होत्या आणि १६९१ साली तिथे पोचलेल्या फ्रांस्वा लेगा या प्रवाशाने त्यांचे अफाट कळप पाहून लिहून ठेवले. दोन मोठ्या, शाकाहारी, सावकाश चालणाऱ्या जाती, तीच जमीन, तेच हवामान. मग एकीने दुसरीला हुसकावलं कसं नाही?

उत्तर त्यांच्या कवचाच्या पुढच्या कडेत होतं. एका जातीची पाठ घुमटासारखी, कवचाची कड मानेवर उतरलेली. ती खाली वाकून गवत चरायची. दुसरीच्या कवचाची पुढची कड खोगिरासारखी वर उचललेली आणि मान लांब. ती मान उंचावून झुडपांची पानं खुडायची. एकाच बेटावर एकीने जमीन घेतली आणि दुसरीने तिच्या वरची हवा. लाखो वर्षांत सावकाश झालेली ही वाटणी माणसांनी दीडशे वर्षांत मोडली. जहाजांनी जिवंत मांस म्हणून कासवं हजारोंनी नेली, उंदीर, मांजरं आणि डुकरं अंडी-पिल्लं खाऊन गेली. मॉरिशस, रेयुन्यों आणि रॉड्रिग्ज मिळून राक्षसी कासवांच्या पाच जाती होत्या. एकही उरली नाही.

आता कुंपणाकडे येऊ. समजा यवतमाळात कुणी एका अंगणात तीन परदेशी-देशी जमिनीवरची कासवं एकत्र ठेवली: आपलं स्टार कासव, आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यातलं सल्काटा आणि दक्षिण अमेरिकेतलं लाल ठिपकेदार पायांचं रेडफूट. पाळीव प्राण्यांच्या बाजारात ही नावं ऐकू येतात म्हणून हीच घेतली. मे महिन्यात यवतमाळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि हवेत ओलावा उरत नाही. सल्काटा हे सोसतं, कारण ते वाळवंटाच्या कडेचं आहे. निसर्गात ते कित्येक मीटर लांब बीळ खणून दुपार आत काढतं. रेडफूटला मात्र दमट सावली, ओला पालापाचोळा हवा. त्याला हा महिना सोसत नाही. मग जुलै येतो. चार दिवस झड लागते, काळ्या मातीचा चिखल होतो. आता रेडफूटची चंगळ आणि सल्काटाच्या फुप्फुसांना धोका, कारण गार ओल्यात त्याला श्वसनाचे आजार जडतात. स्टार कासव मात्र पावसाळ्यातच खरं जागं होतं, हिंडतं, जोडी जमवतं. अंगण एक असलं तर हवामानही एकच असणार, आणि ते तिघांपैकी निदान एकाला कायम चुकीचंच असणार.

खाण्याचंही तसंच. सल्काटा गवत खाऊन वाढतं. त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव महिनोन् महिने वाळल्या गवताचा समाचार घेण्यासाठीच तयार झालेले आहेत. रेडफूट फळं खातं, अळंबी खातं, मेलेला प्राणीही चाखतं. एकाच ताटलीत दोघांचं ठेवलं तर ज्याने खाऊ नये तोच ते आधी खातो. गोड फळांनी गवतखाऊ कासवाच्या आतड्यातली घडी विस्कटते.

आणि आकार. आपलं स्टार कासव हातावर मावणारं, बहुतेकांचं वजन एक-दोन किलोंच्या आसपास. सल्काटाचा मोठा नर पन्नास किलोंच्या पुढे जातो. नर कासवं एकमेकांना धडक देतात, कवचाच्या पुढच्या टोकाने समोरच्याला उचलून उलथवतात. उलथणं म्हणजे कासवाच्या जिवावरचा प्रसंग. त्याच्या बरगड्या कवचात वितळून एक झालेल्या आहेत, त्यामुळे आपल्यासारखी छाती फुगवून त्याला श्वास घेता येत नाही. पायांच्या मुळाशी आणि पोटात असलेल्या स्नायूंनी आतडी-यकृत खालीवर ढकलून ते फुप्फुसांत हवा ओढतं. फुप्फुसं असतात पाठीच्या कवचाला लगटून, म्हणजे सरळ असताना सगळ्यांच्या वर. कासव उताणं पडलं की आतल्या सगळ्या अवयवांचं ओझं फुप्फुसांवर येतं, आणि त्यात वर ऊन असेल तर काही वेळात खेळ संपतो.

इथे थोडं थांबून स्टार कासवाच्या पाठीचं कौतुक करायलाच हवं. २००६ साली हंगेरीतले गाबोर डोमोकोश आणि पेटेर वार्कोन्यी या दोघांनी एक आकार घडवला: गोम्बोत्स. तो कसाही ठेवा, आत कुठेही वजन न भरता, तो डोलत डोलत स्वतःहून एकाच बाजूवर येऊन स्थिरावतो. गणितात असा आकार शक्य आहे का यावर आधी प्रश्नचिन्ह होतं. नंतर याच दोघांनी कासवांची कवचं मोजली, तेव्हा त्या आकाराच्या सगळ्यांत जवळ जाणाऱ्यांत आपलं स्टार कासव निघालं. गणितज्ञांना जे कष्टाने सापडलं ते राजस्थानच्या आणि आंध्रच्या काटेरी माळरानांवर लाखो वर्षं चालत होतं. आपलं झडपवालं कासव चपटं असतं, त्याला ही सोय नाही. ते लांब मान जमिनीला टेकवून तिच्या जोरावर उलटतं. कासवांतच दोन उपाय. पण पन्नास किलोंचा शेजारी पुन्हा पुन्हा उलथवत असेल तर कोणतंही गणित किती दिवस पुरणार?

उघड भांडण तरी माणसाला दिसतं. खरी हानी होते ती न दिसणाऱ्या दडपणाने. कासवाला ओरडता येत नाही, ते पळत नाही. मोठं कासव उन्हाच्या जागेवर बसून राहतं, खाण्यावर बसून राहतं, आणि लहान कासव कोपऱ्यात तोंड घालून पडतं. बघणाऱ्याला वाटतं, किती शांत आहेत दोघं. इकडे लहानग्याला ऊन पुरेसं मिळत नाही, म्हणून पचन मंदावतं, म्हणून खाणं कमी होतं, म्हणून वाढ खुंटते. डोहात ते दुसऱ्या खडकावर गेलं असतं. कुंपणात दुसरा खडक नसतो.

तरीही हे सगळं पैसा आणि जागा असेल तर काही अंशी सुधारता येईल. ज्याला जागा वाढवून उत्तर मिळत नाही ती गोष्ट म्हणजे रोगजंतू. युरोपातल्या जमिनीवरच्या कासवांत हर्पीस गटातल्या विषाणूंचे काही प्रकार आढळतात. ग्रीक कासव यांतला एक विषाणू अंगात बाळगूनही बऱ्याचदा तगून राहतं, निरोगी दिसतं, वर्षानुवर्षं जगतं. त्याच्या लाळेतून, पाण्याच्या भांड्यातून तो हर्मन कासवाकडे गेला की तिथे जीभ-घशावर पांढरट थर येतो, नाक-डोळे गळायला लागतात आणि पुष्कळदा मरण येतं. विषाणू एकच. पण ज्या जातीबरोबर त्याने पिढ्यान् पिढ्या काढल्या तिच्याशी त्याचं जमलेलं असतं, आणि अनोळखी जातीला त्याची काहीच ओळख नसते. एंटामीबा इन्व्हेडन्स नावाचा एक आतड्यातला एकपेशीय जीव आहे, त्याचंही असंच. पाला खाणारी कासवं त्याला पोटात घेऊन मजेत हिंडतात आणि शेजारच्या पिंजऱ्यातले साप, मांसाहारी सरडे रक्ताची हगवण लागून मरतात. म्हणून चांगल्या प्राणिसंग्रहालयात प्रत्येक कुंपणाची झाडणी, भांडी, बूटसुद्धा वेगळे ठेवतात.

अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटातल्या कासवांना मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूमुळे श्वसनाचा आजार झाला. १९९० साली त्या कासवांना संकटग्रस्त ठरवलं गेलं, त्यामागच्या कारणांत हा आजारही होता. लोकांनी पाळून कंटाळल्यावर वाळवंटात सोडून दिलेल्या कासवांनी तो पसरवला असावा, असा अभ्यासकांचा दाट संशय आहे. दयेपोटी सोडलेला एक प्राणी मोकळ्या रानातल्या शेकडोंना आजारी पाडू शकतो. हे वाचल्यापासून, विकत घेऊन नदीत सोडलेल्या कासवाकडे मला पुण्य म्हणून पाहता येत नाही.

रोगाच्या पुढची पायरी रक्ताच्या सरमिसळीची. आणि इथे कासवांच्या इतिहासातली सगळ्यांत हृदयद्रावक कथा येते. गालापागोस बेटांतल्या पिंटा बेटावरची कासवं संपली असं मानलं जात होतं. १९७१ साली तिथे एक नर सापडला. पुढच्या वर्षी त्याला सांताक्रुझ बेटावरच्या संशोधन केंद्रात आणलं, आणि जगाने त्याला 'लोनसम जॉर्ज' म्हटलं, एकटा जॉर्ज. त्याच्या जातीची मादी जगात कुठेच नव्हती. मग इसाबेला बेटावरच्या वुल्फ ज्वालामुखीच्या उतारावरच्या दोन माद्या त्याच्या कुंपणात ठेवल्या. दिसायला जवळच्या, पण जात वेगळी. वर्षं गेली. २००८ साली घरट्यांत अंडी मिळाली, साऱ्या जगात आनंद झाला, पण एकही उबलं नाही. २००९ साली पुन्हा तेच. पुढे डीएनएच्या तपासणीतून कळलं की पिंटाच्या कासवांचं सगळ्यांत जवळचं नातं एस्पान्योला बेटाशी होतं. म्हणून २०११ साली तिथल्या माद्या आणल्या. उशीर झाला होता. २४ जून २०१२ रोजी जॉर्ज गेला आणि त्याच्याबरोबर त्याची जात.

त्याच एस्पान्योलाची दुसरी कथा मात्र अगदी उलट आहे. तिथे चौदाच कासवं उरली होती, बारा माद्या आणि दोन नर. सगळ्यांना सांताक्रुझला आणलं. सान दिएगो प्राणिसंग्रहालयात त्याच जातीचा एक नर होता, दिएगो. १९७७ साली तो परत आला. एकाच जातीची ही पंधरा कासवं, आणि त्यांच्यापासून पुढे दोन हजारांच्या आसपास संतती झाली. २०२० च्या जूनमध्ये दिएगो आपल्या मूळ बेटावर परतला. दोन्ही कथांतलं केंद्र तेच, राखणारी माणसंही तशीच जीव लावणारी. फरक पडला तो योग्य जातीचा जोडीदार मिळण्या-न मिळण्याने.

पण निसर्ग आपल्याला सरळ नियम हातात देत नाही. जॉर्जच्या माद्या जिथून आणल्या त्या वुल्फ ज्वालामुखीच्या उतारावर व्हेल मारणाऱ्या जहाजांनी दोन शतकांपूर्वी इतर बेटांवरून पळवलेली कासवं टाकून दिली होती, असं मानतात. ती तिथल्या कासवांत मिसळली. शास्त्रज्ञांनी तिथल्या सोळाशेहून अधिक कासवांचं रक्त तपासलं तेव्हा दीडशे वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या फ्लोरिआना बेटाच्या जातीचा वारसा काहींच्या अंगात वाहताना दिसला. २०१५ साली त्यातली निवडक कासवं सांताक्रुझला आणली आणि फ्लोरिआनाचा वंश पुन्हा उभा करायचा प्रयत्न सुरू झाला. म्हणजे एका अपघाती सरमिसळीने एका मेलेल्या जातीचा ठेवा जपून ठेवला. हे वाचून मी बराच वेळ स्तब्ध झालो होतो. तरीही याला सरमिसळीचं समर्थन मानता येणार नाही. उरलेला अंश वाचला, पण ती जात होती तशी परत येणार नाही.

आता पुन्हा आपल्या अंगणात. स्टार कासव आपल्या देशात मुख्यतः दोन पट्ट्यांत आहे, वायव्येला राजस्थान-गुजरातकडे आणि दक्षिणेला आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूत. तिसरा गट श्रीलंकेत. दिसायला सगळी सारखीच, काळ्या पाठीवर पिवळ्या किरणांच्या चांदण्या, सुकल्या गवतात कवडशांसारख्या मिसळून जाणाऱ्या. पण आतून या गटांत फरक आहे. सिंगापूरला तस्करीतून गेलेली आणि परत आलेली स्टार कासवं नेमकी कुठली, हे हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी डीएनएवरून शोधलं आणि २००६ साली प्रसिद्ध केलं. म्हणजे प्रश्न दोन जातींच्या मिसळण्याचाच नाही, तर एकाच जातीच्या दोन प्रदेशांतली कासवंही एकत्र करून कुठल्याही रानात सोडणं योग्य नाही.

आणि नेमकी हीच सरमिसळ तस्करीच्या पोत्यात रोज होत असते. एका अभ्यासात आंध्रातल्या एकाच केंद्रातून वर्षाला किमान ५५,००० स्टार कासवं उचलली जातात असं आढळलं होतं. पोत्यात, सुटकेसमध्ये, टेपने गुंडाळून, वेगवेगळ्या ठिकाणची कासवं एकमेकांच्या लाळेत, विष्ठेत दिवसचे दिवस असतात. २०१६ साली मुंबई विमानतळावर मादागास्करची शंभराहून अधिक कासवं पकडली गेली, त्यात रेडिएटेड कासवांबरोबर जगातल्या अतिदुर्मीळ अँगोनोका जातीचीही होती. अशी खेप पकडली की आनंद होतो, पण खरं अवघड काम त्यानंतर सुरू होतं. जातीवार वेगळं करायचं, कित्येक आठवडे विलग ठेवायचं, विष्ठा तपासायची, मूळ शोधायचं. नुसतं जप्त करून एका टाकीत ठेवलं तर सुटका झालेलीच कासवं एकमेकांना मारतात.

आपल्या भागात तस्करीचं आणखी एक विषारी रूप आहे. वीस नखांचं कासव किंवा मांडूळ मिळालं की पैशांचा पाऊस पडतो, ही अंधश्रद्धा. विदर्भाच्या वर्तमानपत्रांत या बातम्या येतच असतात. मऊ पाठीच्या कासवाला प्रत्येक पायावर तीन, म्हणजे बारा नखं. आपल्याकडच्या टणक पाठीच्या कासवांना सहसा पुढच्या पायांवर पाच-पाच आणि मागच्यांवर चार-चार, म्हणजे अठरा. वीसच्या शोधात शेकडो कासवं पकडली जातात, मोजली जातात आणि कुठल्याही पाण्यात फेकली जातात. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, आणि अशी फसवणूक कळवण्याची जबाबदारी आपल्या सगळ्यांची आहे.

मग वेगवेगळ्या जाती एकत्र कधीच ठेवता येत नाहीत का? येतात, पण फार थोड्या ठिकाणी आणि फार विचाराने. रॉड्रिग्जवर २००७ पासून एक अभयारण्य आहे, लेगाच्याच नावाचं. संपलेल्या मूळ कासवांचं काम पुढे चालावं म्हणून तिथे अल्डाब्राची राक्षसी कासवं आणि मादागास्करची रेडिएटेड कासवं ठेवली आहेत. दोघंही हिंदी महासागराच्या त्याच भागातली. मोकळी दरी, भरपूर झाडोरा, दमलं की दूर जायला जागा. तिथे राखणदारांनी कुंपणाला पुन्हा डोहासारखं करायचा प्रयत्न केला आहे. घरच्या अंगणात, गच्चीवर, काचेच्या टाकीत तो करता येत नाही.

यवतमाळच्या वाचकाशी याचा संबंध सरळ आहे. आपल्या देशी कासवांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे. झडपवालं कासव अनुसूची १ मध्ये आहे, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर स्टार कासवही त्याच यादीत आहे. ती घरी ठेवणं गुन्हा आहे. साइट्सच्या याद्यांतल्या परदेशी जाती ज्यांच्याकडे आहेत त्यांना २०२४ च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंद करणं बंधनकारक आहे. आणि डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं ते छोटंसं हिरवं कासव, रेड-इअर्ड स्लायडर, जे मत्स्यालयाच्या दुकानात नाण्याएवढं मिळतं, ते अमेरिकेतलं आहे. ते ताटाएवढं होतं, दशकं जगतं, आणि तळ्यात सोडलं तर आपल्या काळ्या आणि छपराच्या कासवांची उन्हाची जागा आणि अन्न बळकावतं.

तेव्हा एवढं करा. घरात स्लायडर असेल तर ते शेवटपर्यंत नीट सांभाळा, पण बेंबळा, अरुणावती, पैनगंगा, कुठल्याही पाण्यात सोडू नका. विहिरीत कासव दिसलं, रस्त्यावर सापडलं, कुणी विकताना आढळलं, तर त्याला दुसऱ्या कासवांजवळ ठेवू नका आणि स्वतः उचलून लांबच्या नदीत नेऊन सोडू नका. कोरड्या, हवा लागेल अशा खोक्यात एकटं ठेवा, सापडलेली जागा नेमकी लिहून ठेवा आणि वनविभागाला १९२६ या क्रमांकावर फोन करा. ते कोणत्या डोहातलं आहे, ही माहिती त्याला परत घरी पोचवायला सगळ्यांत जास्त उपयोगी पडते.